चिऱ्यांवरची मारुती

ईडा गेली हे मला डॉक्टरने सांगितलं. मला वाटत होतं तिला झोप लागली आहे.

आरोंद्याहून सावंतवाडीपर्यंत रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मळेवाडपर्यंत ती बोलत होती. गॅसवर डाळ ठेवली होती ती बंद केली का, हे तिने दोनदा विचारलं. मी केली म्हटलं. केली नव्हती. मळेवाड गेल्यावर ती गप्प झाली. मी रिक्षावाल्या धनेशला म्हटलं, "सावकाश चल रे, तिका झोप लागली." मीच सांगितलं त्याला, सावकाश चल म्हणून.

डॉक्टर तरुण होता. त्याने तिचे डोळे उघडून पाहिले, छातीवर नळी ठेवली, नर्सकडे बघितलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं.

"छातीत दुखायला कधी लागलं होतं?"

"साडेदहा वाजता."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अर्धा तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं," तो म्हणाला. मग त्यालाच वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. मान खाली घालून तो आत गेला.

अर्धा तास आधी कसं आणणार? अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन बाहेर गेली होती. वाडीवर दोन गाड्या आहेत, त्या सकाळीच गोव्याला कामावर जातात. धनेश शिरोड्याला भाडं घेऊन गेला होता, तो यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात ईडा खाटेवर बसून होती आणि मी रस्त्यावर जाऊन बघत होतो, परत येत होतो, परत जात होतो. प्रत्येक वेळी मी अंगणातल्या मांडवाजवळून गेलो. मांडवात डेन्झिलची मारुती होती. खाटेपासून तीस पावलांवर. एकदाही मी तिच्याकडे बघितलं नाही. ती गाडी आहे हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

डेन्झिलच्या मात्र लक्षात होतं.

डेन्झिल आमचा मुलगा. इंग्लंडमध्ये एका गोदामात कामाला आहे. तो आणि त्याची बायको ट्रिशा येईपर्यंत मयत दोन दिवस थांबवलं. पुरून आलो त्या संध्याकाळी माणसं गेल्यावर तो पायरीवर माझ्याशेजारी बसला.

"पप्पा, गाडी होती मां दारात?"

"होती."

"मगे?"

"मगे काय?"

"आठ वर्सां तू टेम्पो चालवलंस. दारात गाडी आसून मम्मी रिक्षेची वाट बगीत बसली?"

"ती गाडी तुजी. नीट ठेव म्हणान तूच सांगललंस."

"नीट ठेव म्हटलंय, पुरून ठेव म्हणान नाय सांगूक!"

पुरून, हा शब्द त्याने त्याच दिवशी काढला. ट्रिशा बाहेर आली आणि त्याचा दंड धरून त्याला आत घेऊन गेली. पुढचे पाच दिवस आम्ही जेवायला एकत्र बसलो, पण बोललो नाही. जाताना बॅगा टॅक्सीत ठेवून तो परत पायरीपर्यंत आला. म्हणाला, "एकदा चालू करून सावंतवाडीक नेऊन बग. मगे तुकाच कळतला."

टॅक्सी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. त्या दिवसापासून मला एवढंच हवं होतं. गाडी चालू करायची, सावंतवाडीला न्यायची आणि किती वेळ लागतो ते बघायचं. अर्धा तास वाचला असता की नसता. नसता तर मी डेन्झिलला फोन करून सांगणार होतो.

गाडी त्याने परदेशात जाण्याआधी घेतली होती, गोव्यात हॉटेलात नोकरीला होता तेव्हा. चार महिने चालवली. जाताना म्हणाला, दोन वर्षांनी येतो, तोपर्यंत नीट ठेव.

मला नीट ठेवता येते ती होडी. टेम्पो चालवला तो मालकाचा होता, त्याची निगा मालक बघायचा. होडी माझी स्वतःची होती. पावसाआधी होडी खाडीतून वर काढायची, ओंडक्यांवर चढवायची, खालून वरून माशाचं तेल लावायचं आणि झावळांनी शाकारायची. तसंच मी गाडीचं केलं. चार माणसं बोलावून ती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर चढवली, चाकं जमिनीपासून वीतभर वर. खालच्या पत्र्याला, नळ्यांना, जिथे ब्रश पोचला तिथे तेल लावलं. वर झावळं घातली. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजू नये म्हणून दर मे महिन्यात पुन्हा तेल. बारा वर्षांत एकही मे महिना चुकवला नाही.

ईडाला त्या वासाचा राग यायचा. ओटीवरून ओरडायची.

"गाडी काय सुरमई आसा रे, तिका तेल चोपडतस तां?"

"खारो वारो आसा गो. गंजतली."

"माजे गुडघे गंजले, तेंका कोण तेल लावी नाय."

ती गाडी काढ म्हणायची. वेंगुर्ल्याच्या बाजाराला जाऊ, रविवारी चर्चला जाऊ, मापशाला बहिणीकडे जाऊ. पाय दुखायला लागल्यापासून जास्तच म्हणायची. मी म्हणायचो, डेन्झिल येऊ दे. आमच्या बापाने शिकवलं होतं की दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली होडी त्याच्या मागे पाण्यात घालायची नाही. त्याने येऊन स्वतः ढकलायची, मग आपण हात लावायचा. ईडा असताना डेन्झिल बारा वर्षांत दोनदा आला. दोन्ही वेळा विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन आला, मुलांना एसी लागतो म्हणून. एकदा तर ती भाड्याची गाडी त्याने याच मांडवाच्या सावलीत उभी केली. झावळं उचलून आत बघितलंसुद्धा नाही. तरी पुढच्या मे महिन्यात मी तेल लावलं.

मळेवाडचा गुरुदास मेस्त्री जानेवारीत आला. पन्नाशीचा माणूस, काम चांगलं करतो आणि तोंड बंद ठेवत नाही. झावळं काढली, तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि लगेच बाहेर आला.

"वॉल्टरदादा, खाली मासळीबाजार आसा काय?"

"तेल लावलंय."

"कसला?"

"माशाचा. होडयेक लावतत तां."

मग त्याने बॉनेट उघडलं. आत काजूची टरफलं होती. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला तर तो टरफलांनी आणि चिंध्यांनी गच्च भरलेला. वायरी म्हणून काही उरलं नव्हतं. तांब्याच्या उघड्या तारा लोंबत होत्या, त्याही तुटलेल्या.

"उंदरांक आवतण दिलंस तू," गुरुदास म्हणाला. "त्या वासान सगळ्या आरोंद्याचे उंदीर हंय इले. वर्साक एकदा ताजां वाढप." पुन्हा खाली जाऊन त्याने ब्रेकचा रबरी पाईप ओढला. तो त्याच्या हातातच तुटला. "आणि ह्यां बग. रबराक तेल लागला काय रबर फुगता. उंदरांनी खाल्ला नाय तां तुज्या तेलान खाल्लां."

"पत्रो तरी गंजाक नाय मां?"

"नाय, पत्रो नवो आसा. पत्र्यावर बसान जा सावंतवाडीक."

त्याने मशीन फिरवून बघितलं तर ते जाम. प्लग काढून भोकांत ऑईल ओतलं आणि चार दिवस तसंच ठेवायला सांगितलं. त्या चार दिवसांत मी टाकी काढून धुतली. आतलं पेट्रोल काळं आणि चिकट झालं होतं, त्याला पेट्रोलचा वास नव्हता. पाचव्या दिवशी गुरुदासने पाना लावला, पान्याला लांब पाईप लावला आणि आम्ही दोघांनी जोर केला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा आतून करकर आली आणि पाना पाव फेरा फिरला. मग अर्धा. गुरुदासने पाईप टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"जिती आसा."

वायरिंगला पंधरा दिवस गेले. कार्बोरेटर दोनदा खोलला. टायर नवे, बॅटरी नवी, ब्रेकचे पाईप कोल्हापूरहून मागवले. गुरुदास रोज दुपारपर्यंत काम करायचा आणि बोलायचा. ईडा असती तर तिने त्याला दोनदा चहा दिला असता आणि त्याच्या बरोबरीने माझी चेष्टा केली असती. मी एकदाच द्यायचो, तोही पातळ व्हायचा.

फेब्रुवारीच्या मध्याला त्याने पेट्रोलची बाटली बॉनेटला उलटी टांगली, तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली आणि मला चावी फिरवायला सांगितलं. ती खोकली, बंद पडली, पुन्हा खोकली. मग मांडवभर निळा धूर झाला आणि ती चालू राहिली. कुत्रे भुंकायला लागले.

"पेढे हाड वॉल्टरदादा!"

मी गाडी बंद केली.

"गुरुदास, माका एक सांग. ऑक्टोबरात मी चावी फिरवलंय असतंय तर?"

"ऑक्टोबरात काय होता?" असं विचारून तो थांबला. मयताला तो स्वतः आला होता. त्याने फडक्याने एकेक बोट पुसलं.

"ऑक्टोबरात नाय," तो म्हणाला. "पाच वर्सांपयलीपण नाय. ही गाडी ठेवलंस थंयच मेली. होडी वर काढून ठेवली तर टिकता. गाडी ठेवली काय मरता. ती चालवची लागता."

"किती?"

"जास्त नाय रे. आठवड्यान एकदा खंयतरी. वेंगुर्ल्याक बाजार करून इलंस तरी पुरे. तेवढा केलं असतंस तर ऑक्टोबरात काय, अजून धा वर्सां चलली असती."

त्याला माहीत नव्हतं तो काय बोलला. मी त्याला चहा दिला. पेढे आणले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मागचा डावा ब्रेक थोडा गळत असतानाच मी गाडी काढली. गुरुदास नको म्हणत होता. साडेदहाला मी चावी फिरवली. आधी दहा मिनिटं गाडी ओटीजवळ चालू ठेवून थांबलो, कारण ईडाला खाटेवरून उचलून बसवायला तेवढा वेळ लागला असता. रस्त्यात कुठे जास्त जोरात घेतली नाही, तिला धक्के बसले असते. मळेवाडच्या तिठ्यावर एसटी आडवी आली, तिच्यासाठी थांबलो. ती मिनिटंही धरली. दवाखान्याच्या फाटकात शिरून घड्याळ बघितलं तेव्हा अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

त्या दिवशी आम्ही बारा वाजून पाच मिनिटांनी पोचलो होतो.

मी तिथेच बसून राहिलो. वॉचमन आला आणि काचेवर टकटक केली.

"पेशंट खंय?"

"पेशंट नाय."

"मगे हंय कित्याक लावलंस? काढ, काढ. मागसून पेशंट येतत."

मी गाडी मागे घेतली. मागे घेताना ब्रेक लागला नाही आणि दिवा कठड्यावर फुटला. वॉचमन शिव्या देत होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिल्या असत्या.

त्या रविवारी डेन्झिलचा फोन आला. दर रविवारी येतो. जेवलास का, गोळ्या घेतोस का, थंडी आहे का. मग म्हणाला, "गाडयेचा काम करतस म्हणान आयकलंय."

"चालू झाली."

"झाली? कित्याक तरास घेतलंस, पप्पा? मी तेवा रागान बोललंय. डोक्यात ठेव नको. मम्मीचा दुखणाच तसला होता, कोण काय करतलो? ट्रिशापण माका सांगता." मागे त्याची मुलं इंग्रजीत भांडत होती. "दी ती भंगारात. नायतर गुरुदासाकच दी."

"बगतंय," मी म्हटलं.

अर्धा तास आधी आणलं असतं तर, हे डॉक्टरने मला एकट्याला सांगितलं होतं. धनेश तेव्हा बाहेर रिक्षात होता. डेन्झिलला ते ठाऊक नाही. गुरुदासचं बोलणंही ठाऊक नाही. तो म्हणतो आईचं दुखणंच तसं होतं. तो तिकडे थंडीत गोदामात उभा राहून काम करतो आणि त्याला रात्री झोप लागते.

माझा राग गेलेला नाही. तो दोनदा आला आणि एकदाही त्याने झावळ उचलली नाही, याचा राग आहे. नीट ठेव म्हणाला आणि विसरला, याचाही आहे. पण तो विसरला, मी विसरलो नव्हतो. मी रोज ती गाडी बघत होतो, रोज ईडाचं बोलणं ऐकत होतो आणि दर मे महिन्यात ब्रश घेऊन खाली झोपत होतो.

गाडी आता मांडवात नाही. बाहेर फणसाखाली जमिनीवर उभी आहे. गुरुदास ब्रेक करायला अजून आलेला नाही. फुटलेला दिवा तसाच आहे. दवाखान्यापर्यंत किती मिनिटं लागली ते मी डेन्झिलला अजून सांगितलेलं नाही.