साडेबत्तीस

“तुझा हात मोजू का?”

प्रश्न ओडेसाच्या डोक्यातला नव्हता. तिच्या मैत्रिणींनी, किझी आणि ट्रिनेलने, पैज लावली होती, आणि त्या दोघी आत्ता हॉटेलच्या लॉबीत पामच्या कुंडीमागे एकमेकींचे दंड चिमटत उभ्या होत्या. विचारायचं ते लॉबीतल्या सगळ्यांत अगडबंब खेळाडूला, ही पैजेची अट. त्या दुपारी लॉबीत नुसते डोंगर हिंडत होते. जानेवारी संपता संपता कॉलेजांमधले शेवटच्या वर्षाचे निवडक अमेरिकन फुटबॉल खेळाडू अलाबामातल्या मोबील गावी गोळा होतात, आठवडाभर सराव करतात आणि शनिवारी सामना खेळतात. व्यावसायिक क्लबांचे स्काउट येऊन त्यांना जोखतात, आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांच्या निवडीत, कोणाचं नाव पुकारायचं याचा अर्धा निकाल इथंच लागतो.

ओडेसाने गाठला तो आयझम ब्रॉडनॅक्स. तो तिला ओळखत नव्हता, पण तिला तो चांगलाच माहीत होता. तिचे डॅडी, वेंडेल चॅस्टँग, अशाच एका क्लबाचे स्काउट. वर्षातले बहुतेक दिवस ते अलाबामा-मिसिसिपीच्या रस्त्यांवर असत. घरी आले की फारसं बोलत नसत. बोलले तर गेली दोन वर्षं एकाच मुलाबद्दल बोलत. मिसिसिपीतलं एक बारकं कॉलेज, जिथं दुसरा कोणी स्काउट फिरकत नाही. तिथं त्यांना आयझम सापडला होता. इतक्या वर्षांत त्यांनी एकट्याने शोधून काढलेला हा पहिलाच खेळाडू. ते नाव जेवणाच्या टेबलावर इतकं फिरलं होतं की मॅमा म्हणायची, त्याला एकदाचं जेवायला तरी बोलवा.

आयझमने खाली वाकून ओडेसाकडे पाहिलं. “कशाला? कोट शिवणारेस माझा?”

“शिवू शकते,” ओडेसा म्हणाली. गेल्या उन्हाळ्यापर्यंत वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज घशात अडकायचा. शाळेच्या वादविवाद संघात घेतल्यापासून तिला जो कंठ फुटला होता, तो वापरल्याशिवाय तिला चैन पडत नव्हती. “माझी आई मार्डी ग्राच्या कार्निव्हलमधल्या राण्यांचे झगे शिवते. पण मला तुझा हात मोजायचाय. स्काउट मोजतात तसा. वेंडेल चॅस्टँगची मुलगी आहे मी.”

हे ऐकल्यावर आयझमचा चेहरा असा उजळला की कुंडीमागे ट्रिनेलच्या तोंडून किंकाळी निसटली. मिस्टर चॅस्टँगची मुलगी म्हणजे घरचीच, मोज बाई मोज, म्हणत त्याने कोटाची बाही काढली आणि हात आडवा धरला.

ओडेसाने खिशातून आईची टेप काढली. जानेवारीत त्या घरात टेप कुठंही सापडायची, पावाच्या डब्यातसुद्धा. मोजायचं कसं ते मात्र तिला डॅडींनी शिकवलं होतं. खांद्याच्या टोकाला हाडाचा एक उंचवटा असतो, तो बोटाने चाचपून काढायचा आणि तिथून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत यायचं. तिने खुर्चीवर चढून उंचवटा शोधला, टेप ताणली आणि आकडा वाचला.

साडेबत्तीस.

तिने पुन्हा वाचला. आयझम टॅकल होता, म्हणजे रांगेच्या कडेला उभा राहून समोरून येणाऱ्या दांडग्याला हाताने दूर थोपवणारा. टॅकलचं सगळं हाताच्या लांबीवर. चौतीस इंच असेल तर क्लब त्याच्याकडे बघतात. आणि डॅडींनी क्लबला कळवलेला आकडा चौतीसच होता. तो बाकीच्या क्लबांकडेही गेला होता, त्या आकड्यावरच आयझमला इथलं बोलावणं आलं होतं.

“चुकतेय मी,” ती म्हणाली. “थांब.”

दुसऱ्यांदाही साडेबत्तीसच. आयझमने मान खाली घालून टेपेवरच्या रेघेकडे पाहिलं. त्याचा हात अजून तसाच आडवा होता.

“मिस्टर चॅस्टँगनी चौतीस सांगितलेलं,” तो म्हणाला. “मी स्वतः कधी मोजला नाही गं. ते मोजतायत म्हणजे बरोबरच, असं वाटलं.”

मग त्याने बाही चढवली, तिला थँक्यू मिस म्हणाला आणि लिफ्टकडे चालत गेला. किझी-ट्रिनेल धावत आल्या. ती पैज जिंकली होती, त्या तिला आइस्क्रीम देणार होत्या. ओडेसाने पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

घरी जाताना गाडीत तिने डॅडींना सांगितलं. पैज, टेप, आकडा, सगळं एका दमात. त्यांना धक्का बसेल, ते गाडी बाजूला घेतील, चूक कुठं झाली ते दोघं मिळून शोधतील, असं तिने मनाशी रचून ठेवलं होतं. डॅडी गाडी चालवत राहिले. रस्त्याकडेच्या ओकच्या फांद्यांना कार्निव्हलच्या मागच्या मिरवणुकीत उधळलेले मणी अजून लटकत होते.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“साडेबत्तीसच आहे. मी मोजला तेव्हाही तेवढाच होता.”

ओडेसाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तेवढ्यात सिग्नल लागला, आणि डॅडींनी समोर बघतच बाकीचं सांगितलं. त्यांच्या आवाजात एवढासाही चढउतार नव्हता, रेडिओवर हवामान सांगतात तसं. त्या मुलाला खेळताना त्यांनी पाहिलं होतं. त्याच्यासमोर आलेला प्रत्येक जण उलटा फिरून गेला होता. पण साडेबत्तीस लिहिलं असतं तर त्याचं नाव वाचलंही गेलं नसतं. त्यांनी चौतीस लिहिलं. आधी त्याला खेळताना बघू देत, मोजायचं ते नंतर मोजू देत, असा त्यांचा हिशेब होता.

“पण उद्या सकाळी सगळ्यांसमोर मोजणार आहेत ना?”

“हो. यंदा मोजमाप सरावाच्या आधी ठेवलंय.”

“मग आत्ता जाऊन मिस्टर गॅरिटींना सांगा,” ओडेसा म्हणाली. गॅरिटी त्यांचे साहेब. “तुम्ही सांगितलंत तर वेगळं. माइकवरून कळलं तर वेगळं.”

सिग्नल सुटला. डॅडी म्हणाले, “सांगून हात वाढत नाही, डेस.”

एवढंच. घरी आल्यावर त्यांनी गंबोचं कालवण पोटभर खाल्लं, मॅमाला चव छान झाल्याचं सांगितलं, ताट विसळून ठेवलं. ओडेसा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. राग, भीती, लाज, काहीही चाललं असतं.

सकाळी मोजमापाच्या वेळी ती तिथंच होती. शाळेतर्फे पाणी वाटायला आलेल्या मुलांमध्ये. हॉटेलच्या मोठ्या दालनात खुर्च्यांच्या रांगा, खुर्च्यांवर निरनिराळ्या क्लबांची जाकिटं घातलेली माणसं, आणि समोर मंच. खेळाडू अनवाणी, फक्त चड्डीवर, एकेक करून मंचावर येत. एक माणूस माइकवरून उंची, वजन, पंजा, हात असे आकडे वाची. खेळाडू एकदा इकडे वळे, एकदा तिकडे वळे, आणि उतरे. मॅमा म्हणायची, माझ्या राण्यांचं तरी दुसरं काय असतं, फक्त त्यांना कपडे घालू देतात.

आयझम आला. उंची वाचली, वजन वाचलं, पंजा वाचला.

“हात, साडेबत्तीस.”

 पेन्सिलींची खसखस पहिल्यांदाच एका वेळी थांबली, आणि मग पुन्हा सुरू झाली. पहिल्या रांगेतल्या मिस्टर गॅरिटींनी मागे वळून पाहिलं. डॅडी चौथ्या रांगेत होते. त्यांनीही सगळ्यांसारखा तो आकडा लिहून घेतला, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. पुढचा खेळाडू मंचावर चढला.

दुपारच्या आत गॅरिटींनी डॅडींना व्हरांड्यात बाजूला घेतलं. ओडेसा बाटल्यांचं खोकं घेऊन जवळच होती. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, तू दमलायस, वेंडेल, घर इथंच आहे तर सरावाला नको येऊस, आराम कर, पुढचं बोलू आपण सावकाश. डॅडींनी बरं म्हटलं, आणि गॅरिटींनी मागायच्या आत गळ्यातला पास काढून त्यांच्या हातात दिला. पास कशाला, असू दे, असं गॅरिटी म्हणाले खरे, पण परत केला नाही.

तरी दुसऱ्या दिवशी डॅडी सरावाला गेले, साध्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर. शाळा सुटल्यावर ओडेसा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. खाली मैदानात एकास-एक झुंजींचा सराव चालू होता. आयझमच्या समोर ज्याच्या नावाने सगळे वेडे झाले होते तो चाल करून येणारा गडी आला. पहिल्यांदा आयझमने त्याला जागीच रोवला. दुसऱ्यांदा तो कडेने निसटायला गेला, तर आयझमचे पाय त्याच्या आधी तिथं होते. तिसऱ्यांदा गडी पाठीवर आडवा. कुंपणाशी उभ्या मुलांनी आरडाओरड केली. पुढच्या पायरीवरचा एक स्काउट शेजाऱ्याला म्हणाला, “हात लांब असते तर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेला असता हा.” शेजारी म्हणाला, “हो ना, वाईट वाटतं.” आणि दोघांनी पान उलटलं.

ओडेसाने डॅडींकडे पाहिलं. ते शेंगदाणे सोलत होते. सोललेले दाणे खात मात्र नव्हते, रुमालावर साठवत होते.

सराव संपल्यावर ती कुंपणाशी गेली. आयझम पोरांच्या टोप्यांवर सह्या करत होता. पोरांमधून वाट काढत ती पुढे झाली.

“तुझी टेप बरोबर होती,” तोच म्हणाला.

“तू चिडलायस का डॅडींवर?”

त्याने टोपी परत केली, दुसरी घेतली. “ते नसते तर मी इथं आलोच नसतो. चिडायला हवं का, कळत नाही. मला काही वाटतच नाहीये. दात काढल्यावर गाल असतो ना, तसं.”

शनिवारच्या सामन्याला तुझ्या घरचे येणार का, तिने विचारलं. आई कोंबड्यांच्या कारखान्यात, शनिवारी तिची ड्यूटी. दुसरं कोणी नाही. मग त्याने विचारलं, तुझे डॅडी येतील ना? आता ओडेसाला खरं सांगावं लागलं. स्काउट सामन्याला थांबत नाहीत. त्यांचं काम सरावात होतं, गुरुवारी ते विमानतळ गाठतात. डॅडींनी तर आपल्याच गावातला हा सामना कधी बघितलेला नाही.

आयझम हसला. “म्हणजे सामना कोणासाठी असतो?”

त्याने पुढची टोपी घेतली.

गुरुवारी ती शाळेतून आली तेव्हा डॅडींची गाडी दारात होती. दिवसाउजेडी ती गाडी तिथं बघायची तिला सवय नव्हती. आत दिवाणखान्यात एका राणीच्या झग्यामागे लोळणारी झूल पसरली होती, हिरव्या मखमलीची, दारापासून खिडकीपर्यंत. मॅमा गुडघ्यांवर बसून कडेला पांढरी फर टाचत होती, तोंडात टाचण्यांची रांग. झूल जमिनीला लागू नये म्हणून डॅडी मधोमध उभे होते, दोन्ही हात पुढे करून, हातांवर मखमल तोलून. किती वेळ उभे होते कोण जाणे. मॅमाने टाचण्यांमधूनच ओडेसाला सांगितलं की धरता का विचारल्यावर ते हो म्हणाले, तेव्हापासून असेच आहेत, बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

डॅडी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं, शेजाऱ्यांचा कुत्रा होता फक्त.

ओडेसाने दप्तर खाली ठेवलं.

“शनिवारी मी सामन्याला जाणार आहे,” ती म्हणाली.

मॅमाने तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या. शनिवारी त्या राणीच्या अंगावर झगा चढवून बघायचा होता, झूल धरायला ओडेसा लागणार होती, हे ती महिनाभर सांगत आली होती, आणि आता पुन्हा सांगायला लागली.

“मॅमा, मी विचारत नाहीये, सांगतेय. आयझमचं तिथं कोणी नाहीये. मी पुढच्या पायरीवर बसणार आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत उठणार नाही.” तिने डॅडींकडे पाहिलं. त्यांनी घसरणारी मखमल हातांवर पुन्हा वर घेतली, चेहरा तसाच होता. “डॅडी, तुमच्यासाठी शेजारी जागा धरून ठेवणार आहे. तुम्ही या नाहीतर येऊ नका. मी जाणार.”