औषधाला पुरून उरलेलं यीस्ट

मी एक जुनं यीस्ट आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे घराणं जुनं. माझा स्वतःचा जन्म परवाचा. आमच्यात एकाचे दोन होतात, दोनाचे चार. त्यामुळे पणजोबा कोण अन् पणतू कोण, हा हिशेब आम्ही सोडूनच दिला आहे. पाव फुगवतात ते माझे भाऊबंद. मी मात्र नागपूरच्या एका प्रयोगशाळेत, जेलीसारख्या खाद्याच्या प्लेटवर राहतो.

मला सांभाळते इथं संशोधन करणारी, सौंसरची धनश्री. माणसाच्या पेशीचं आणि माझं पुष्कळ कामकाज सारखं चालतं. म्हणून कॅन्सरचं औषध कधीकधी काम करेनासं का होतं, हे ती माझ्याकडून शिकते. तिनं आमच्या खाद्यात ते औषध मिसळलं. प्लेटभर आम्ही होतो. जवळजवळ सगळे मेले. चार-दोन ठिपके उरले, त्यातला मी. शौर्य वगैरे काही नाही हं. माझ्या घडणीतच एक फरक पडलेला, त्यामुळे औषध आत आलं की मी ते बाहेर फेकतो. तेवढ्यावर माझं कौतुक झालं, फोटो निघाले.

धनश्रीच्या आईला, उर्मिलाबाईंना, हाच आजार. आधी गुण देणारं औषध अलीकडे चालेनासं झालं. डॉक्टरांनी दुसरं सुचवलं, तर बाई अडून बसल्या. कारण काय? मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्यात फुललेलं, पहिलं संत्रं त्यांनी झाडावरून तोडून खाल्लं होतं. डॉक्टरांची मनाई नव्हती. पण आजाऱ्यानं आंबट खाऊ नये, हे जाऊबाई प्रमिलाचं शास्त्र. पथ्य मोडलं म्हणून दवाई उतरली, असं त्या बोलून गेल्या आणि ते बाईंच्या मनात जाऊन बसलं. आता दुसरं औषधही आपल्याच हातानं नासवायचं, त्यापेक्षा नकोच.

लेकीनं समजावून पाहिलं. शेवटी दवाखान्याच्या वाटेवर ती आईला इथे घेऊन आली आणि माझी झाकलेली प्लेट पुढे धरली.

उर्मिलाबाई वाकल्या. खोलीत जिलबीच्या घोळाचा वास येतो म्हणाल्या. याच्यासाठी एवढी वर्षं शिकलीस का, तेही विचारून घेतलं.

"आई, त्या औषधानं बाकीचे मेले. हा वाचला, अन् वाढून राहिला. आता तूच सांग, यानं कोणतं संत्रं खाल्लं होतं?"

बाईंनी पदरानं चष्मा पुसला, मला पुन्हा पाहिलं. मग शेजारच्या प्लेटकडे बोट केलं.

"हे काहून रिकामी हाय?"

"तिच्यात दुसरं औषध आहे. तिथं याचं काही चाललं नाही." धनश्रीनं माझी प्लेट खाली ठेवली. "हे यीस्ट आहे, आई. तुह्यात असंच होईन, असं मी म्हणत नाही. पण तुह्या खाण्यानं काही बिघडलं नाही, एवढं नक्की."

बाईंनी पिशवी उचलली. "चाल मंग. डॉक्टर जेवाले उठून जाईन. अन् तुह्या काकूले हे दाखवजो एक डाव."

मित्रांनो, त्या रिकाम्या प्लेटवर मेले ते माझेच सख्खे. त्याची तक्रार नाही. सांगणं एवढंच, की डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य जरूर पाळा, आजाऱ्याला औषध वेळेवर द्या, त्याच्याजवळ बसा. पण आजार हटेना म्हणून त्याच्या ताटात गुन्हा शोधू नका.