सात नंबरचा बिल्ला

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. गावाची शेवटची गल्ली संपली आहे. समोर झाडांनी गच्च भरलेला डोंगर आहे आणि त्याच्या अंगावरून एक डांबरी रस्ता वळणे घेत वर जातो आहे. आता कान देऊन ऐका. हॉर्न नाही, इंजिनाची घरघर नाही. सायकलच्या साखळीची बारीक किरकिर आणि पानांवरून टपटपणारे धुके, एवढेच. रस्ता सुरू होतो तिथे गवतात एक गंजका दांडा दिसतो ना, तोच मी. मी एक जुने लोखंडी फाटक आहे.

त्याआधी मी पाण्याचा जाड पाइप होते. मग डोंगराखालून बोगदा झाला, ट्रक आणि मोटारी तिकडून जाऊ लागल्या, आणि हा जुना घाटरस्ता ओस पडला. गावाने ठरवले की तो सायकलींना द्यायचा. मोटारींना अडवायला कोणीतरी हवे होते, म्हणून लोहाराने मला कापले आणि लाल-पांढरे पट्टे रंगवले. एका हाताने उचलता यावे म्हणून माझ्या एका टोकाला सिमेंट भरलेला डबा बसवला. "पोट भरलेलं असलं की मान आपोआप वर होते," तो म्हणाला. सायकल जाईल एवढी फट त्याने माझ्या बाजूला ठेवली आणि माझ्या अंगावर ओळीने हुक लावले.

ते हुक मावशीने मागून घेतले होते. मावशी म्हणजे रस्त्याची राखणदार. शेजारच्या दोन खोल्यांच्या चौकीत ती राहायची. बाहेरच्या खोलीत पंप, पंक्चरची ठिगळे आणि एक न आटणारी चहाची किटली. रोज सकाळी ती लांब दांड्याचा झाडू घेऊन वर जाई आणि वळणावळणावरची ओली पाने झाडून काढी. ओले पान म्हणजे साबण, असे ती सर्वांना बजावी.

तिचा एक नियम होता. वर जाणाऱ्या प्रत्येकाने आपला नंबराचा पत्र्याचा बिल्ला माझ्या हुकाला लावायचा आणि उतरल्यावर तो काढून चौकीतल्या पेटीत टाकायचा. वर डोंगरात रस्त्याला तीन फाटे होते, पण तिन्ही वाटा फिरून शेवटी माझ्याकडेच येत. संध्याकाळी माझे अंग रिकामे झाले की मावशी जेवायला बसे. एखादा बिल्ला उरला, तर ताट झाकून, कंदील घेऊन ती वर निघे. अशी तिने किती जणांना खाली आणले! कोणाची साखळी तुटलेली, कोणाचा गुडघा फुटलेला. लोक माझ्या पाठीवर थाप मारत. मला त्याचा अभिमान होता. आज वाटते, तो जरा जास्तच होता.

आमच्याकडे रोज येणाऱ्यांत दोन साडू होते. एक निवृत्त मास्तर, दुसरे बेकरीवाले. त्यांच्या बायका, दोघी बहिणी, केव्हाच गेल्या होत्या, पण साडूंचे भांडण या दोघांनी जपून ठेवले होते.

"काय मास्तर, आज चढ चढणार की ढकलत नेणार?"

"तू आधी पोट आत घे. सायकल रडतेय तुझी."

उतारावर त्यांची शर्यत लागे. मागे वळून पाहायचे नाही, ही अट. आणि जो आधी खाली येईल त्याने दोघांचेही बिल्ले काढून खिशात घालायचे. हरलेल्याने मग बेकरीत जाऊन आपला बिल्ला हात जोडून परत मागायचा. मावशी चिडे. "दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावू नका, किती वेळा सांगू?" पण दोघे हसत, आणि त्यांच्याबरोबर शेवटी तीही हसे.

मास्तरांबरोबर कधी कधी त्यांची नात येई. दहा वर्षांची, दोन वेण्या, समोरचा दात अर्धा तुटलेला. घरी ती आणि आजोबा दोघेच.

पानगळीतला तो दिवस मला विसरता येत नाही. मावशीने सकाळीच रस्ता झाडला होता. दुपारी वारा सुटला आणि पुन्हा पाने पडली. चारच्या सुमाराला बेकरीवाले एकटेच भरधाव खाली आले, हसत हसत त्यांनी आपला बिल्ला काढला, मास्तरांचा सात नंबरचाही काढला आणि निघून गेले. मी वाट पाहत राहिले. मास्तर आले नाहीत.

मला माहीत होते, मित्रांनो. माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हते. पण लोखंडाला तोंड नसते.

दिवेलागणीला नात धावत आली. "मावशी, आजोबा उतरले का?"

मावशीने दारातून माझ्याकडे पाहिले. "उतरले गं. फाटक रिकामं आहे बघ. बेकरीत असतील, साडूच्या पाया पडत."

नात बेकरीत गेली. बेकरीवाल्यांनी पिठाचे हात झटकले. "इथं नाही आला तो. हरलाय ना, रुसून गेला असेल कुठंतरी. मागच्या वेळी दोन दिवस तोंड दाखवलं नव्हतं. तू घरी जा, येईल."

ती घरी गेली. इकडे मावशी जेवायला बसली. कोणीच खोटे बोलले नव्हते. प्रत्येकाने दुसऱ्या कोणावर तरी विश्वास ठेवला होता, आणि शेवटी सगळ्यांनी माझ्यावर.

पहाटे नातीने चौकीचे दार वाजवले तेव्हा मावशी चप्पलसुद्धा न घालता वर पळाली. झऱ्याच्या वळणाखाली मास्तर सापडले. पाय मोडला होता. पण मोडल्या पायाने माणूस जात नाही. रात्रभरच्या थंडीने ते गेले.

गावाची सभा भरली. एक जण म्हणाला, "रस्त्यावर गाड्या असत्या, तर कोणाला तरी दिसले असते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी बोलायला उठली आणि पुन्हा खाली बसली. दुसऱ्या दिवशी मला उभे करून तारेने खांबाला बांधले. मावशीला बोगद्याच्या तोंडाशी साफसफाईच्या कामावर पाठवले. जाताना तिने झाडू माझ्या पायाशी टेकवून ठेवला.

मग मोटारी आल्या. त्यांच्या धुरात आणि धक्क्यात सायकलवाले एकेक करून यायचे थांबले. अरुंद रस्त्याच्या कडा ढासळल्या, खड्डे पडले. वर्षभरात मोटारवालेही कंटाळून बोगद्याकडे परतले. रस्ता कोणाचाच उरला नाही. माझा रंग पोपडे होऊन गळला. हुकांत कोळ्यांनी जाळी विणली. वर पाने साचत राहिली, थरावर थर.

फक्त बेकरीवाले येत. सायकल त्यांनी सोडली होती. दर रविवारी चालत यायचे, खिशात हात घालून माझ्यापाशी उभे राहायचे आणि निघून जायचे. खिशात काय आहे ते मला आवाजावरून कळे. पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. रंग गेला तर पुन्हा देता येतो, गंज खरवडता येतो. पण एखादी खूण ज्याची आहे त्यालाच काढू द्या. आणि कोणी घरी परतले का, हे फाटकाला विचारून थांबू नका. त्या माणसाचे तोंड पाहा, मगच जेवायला बसा.

परवाच्या रविवारी नात आली. आता बारा वर्षांची आहे. आजोबांची सायकल तिला अजून मोठी होते. बेकरीवाले माझ्यापाशी उभेच होते.

"बेकरीआजोबा, सातचा बिल्ला तुमच्याकडे आहे ना?"

त्यांच्या खिशात पत्र्यावर पत्रा घासला. "तू माझ्याशी बोलतेस अजून?"

"आधी बिल्ला द्या. आणि ही तार सोडवायला हात लावा."

दोघांनी मिळून तार उलगडली. मी किरकिरत खाली आले. तिने कोळ्याचे जाळे पुसून सातचा बिल्ला त्याच्या जुन्या हुकाला लावला. शेजारी स्वतःचा लावला. मग मावशीचा झाडू सायकलच्या दांड्याला बांधला आणि ती झऱ्याच्या वळणाकडे निघाली. बेकरीवाले दगडावर बसले. जेवणाचा डबा आणला होता, पण उघडला नाही. त्यांची नजर वळणावरून हलली नाही.

ऊन कलल्यावर ती उतरली. हात मातीने भरलेले, वेणीत पाने अडकलेली. तिने आपला बिल्ला काढला. बेकरीवाल्यांचा हात जुन्या सवयीने सातकडे गेला.

"तो राहू द्या," ती म्हणाली. "ते अजून उतरले नाहीत."

त्यांनी हात मागे घेतला. नातीने आपला बिल्ला चौकीतल्या रिकाम्या पेटीत टाकला, दगडावर त्यांच्या शेजारी बसली, आणि त्यांचा डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला.