दाजींनी बिलं जपली

वेळेवर कर भरणं हा सुसंस्कृत माणसाचा सर्वोच्च आनंद आहे, असं मी कॉलेजच्या निबंधस्पर्धेत लिहिलं होतं आणि त्याला पहिलं बक्षीसही मिळालं होतं. तेव्हा मला उत्पन्न नव्हतं. शिवाय तोवर मी दाजींचा ड्रॉवर उघडलेला नव्हता.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. तापलेल्या प्लॅस्टिकचा तिथला वास त्यांच्या शर्टाबरोबर घरी येतो आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या आधी बसतो. कराचे दिवस आले की लागणारी कागदपत्रं दरवर्षी ताई जमवायची. खरेदीची बिलं, विजेची बिलं, भाड्याचा करार, बँकेचं स्टेटमेंट, सगळं एका फायलीत घालून ती टॅक्सवाल्या बाईंकडे जायची. दाजींना त्या दिवशी इतकंच कळायचं, की आज दुपारची झोप गेली, काउंटरवर आपल्यालाच बसायचंय.

यंदा दाजी ताईच्या देखत एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "तिचं काय हो, चार कागद गोळा करायचे नि नेऊन टाकायचे. शाळकरी पोराचं काम."

ताई यंत्राची काच पुसत होती. तिने फडकं दाजींच्या हातात दिलं आणि यंदा शाळकरी पोरानेच करावं, असं सांगितलं. दाजींचा पारा चढला. गिऱ्हाईक अजून समोरच उभं असल्यामुळे तो उतरवायची सोय नव्हती.

"करून दाखवतो," ते म्हणाले. "नाही जमलं तर दुकान तुझ्या नावावर करून टाकतो, जा."

ताई "बरं" म्हणाली आणि जेवायला निघून गेली.

हे बोलून बसल्यावर दाजींना घाम फुटला. घरात टीव्हीचा रिमोट मुलीकडे, पासबुकं ताईकडे, आणि पंखा किती वेगाने फिरवायचा हे त्यांच्या आईकडे. काउंटरमागची फिरती खुर्ची तेवढी त्यांची. तीही गेली तर बसायचं कुठे? माझ्याकडे, हे त्यांनी मला फोनवर मोकळेपणाने सांगितलं. आणि बसणार दिवसभर. मी तातडीने मदतीला गेलो.

"या मेहुणे," ते म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं." आणि त्यांनी ड्रॉवर ओढला.

ड्रॉवर आधी उघडेना. आत काहीतरी पाघळून कडेला चिकटलं होतं. दाजींच्या मते तो डिंक होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या; डिंकाला लागत नाहीत. जोर लावल्यावर तो सुटला, आणि जो भपकारा आला त्यात खोकल्याचं औषध, ओला पुठ्ठा आणि काळं पडलेलं केळं एवढं मला ओळखता आलं. बाकीचं मी ओळखायचा प्रयत्न केला नाही.

दाजींनी एकही बिल फेकलेलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. त्यांनी प्रत्येकाचा उपयोग केला होता. एकात चघळलेलं च्युइंगगम गुंडाळलेलं होतं. एकाची टोकदार सुरळी होती आणि तिचं टोक पिवळं होतं. मी नको ते विचारलं. कान कोरायला बरं पडतं, कागद कडक असतो, असं उत्तर मिळालं. कागदाच्या घाऊक खरेदीचं मोठं बिल पुडीसारखं बांधलेलं होतं. ते मी उलगडलं आणि माझ्या मांडीवर कापलेल्या नखांचा सडा पडला.

"जमिनीवर पडू नयेत म्हणून," दाजी म्हणाले. "स्वच्छता लागते दुकानात."

प्रत्येक बिल उचलण्याआधी ते अंगठा जिभेला लावत होते. मग ते ओलं बिल माझ्या हातात. मी ते कोपऱ्याला धरायचो, तर ते म्हणायचे, नीट धरा, महत्त्वाचा कागद आहे. घरी भात वाढताना ताईने डावातून एक शीत सांडलं तरी हाच माणूस नाक मुरडतो.

तरी दुपारपर्यंत वर्षभराची बिलं काउंटरवर लागली. खरंच सगळी होती. मला दाजींचं कौतुक वाटलं असतं, पण आधी हात धुवायचे होते. दुकानातल्या बेसिनपेक्षा माझे हात स्वच्छ असल्यामुळे मी शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने साबण दिला आणि कारण विचारलं नाही; तो दाजींना ओळखत होता.

मी परत आलो तेव्हा लॅमिनेशनचं यंत्र घरघरत होतं आणि दाजी समाधानाने घामेजले होते. एवढी मळकी बिलं बाईंना कशी द्यायची, शोभतं का, म्हणून त्यांनी सगळीच्या सगळी प्लॅस्टिकमध्ये घातली होती. एकेक पाटी यंत्रातून गुळगुळीत, चकचकीत बाहेर येत होती. आणि काळीकुट्ट.

ही दुकानांतली बिलं शाईने छापत नाहीत. तो कागद उष्णतेने काळा होतो, त्यातूनच अक्षरं उमटतात. गरम यंत्रात घातला की सगळाच काळा. दाजींना हे माहीत नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकांना ते रोज हेच सांगून परत पाठवतात. पण ती गिऱ्हाइकांची बिलं.

"तिरपी धरा," दाजी मला म्हणाले. "तिरपी धरली की वाचता येतात."

मी तिरपी धरली. माझा चेहरा दिसला, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली एक माशी पंख पसरून चपटी झालेली दिसली. तिचं पोट फुटून पिवळा डाग पसरला होता. त्या बिलावर वाचण्याजोगं तेवढंच होतं.

ताईला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी शपथ घालून दाजी मला घेऊन टॅक्सवाल्या बाईंकडे निघाले. वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली. तुमच्या बाल्कनीत दुपारी ऊन येतं का.

बाईंनी वरची पाटी दोन बोटांनी उचलली, माशी पाहिली आणि पाटी खाली ठेवून बोटं रुमालाला पुसली. दाजींनी खाली मान घालून सगळं सांगितलं, पैजेचंही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, यात घाबरायचं काय, सगळ्या व्यापाऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बिलांच्या प्रती असतात, मी मागवून घेते. म्हणजे माझ्या मांडीवर नखं पडली ती उगाचच.

दाजी मात्र फुलले. खुर्चीत मागे रेलले, पायावर पाय टाकला, आणि बायकांना उगाच कामाचा बाऊ करायची सवय असते, असं समोरच्या बाईंनाच ऐकवून खिशातलं पेन काढलं.

"कुठे करू सही?"

"तुमची नको," बाई म्हणाल्या. "मालकांची लागेल. त्यांना पाठवा."

दाजी हसले. बाई हसल्या नाहीत. दाजी विसरले होते, पण दुकान निघालं तेव्हा ते नोकरीत होते आणि नोकरीत असताना धंदा करायला परवानगी नव्हती. म्हणून दुकान पहिल्या दिवसापासून ताईच्याच नावावर होतं.