कडू सहाण

मित्रांनो, गोडगोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मी एक जुनी सहाण आहे. काळ्या दगडाची, तळहाताएवढी, मधोमध झिजून खोलगट झालेली. तान्ह्या बाळाची घुटी ज्या दगडावर उगाळतात, तो दगड मी. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ यांनी मला घासून घासून एवढी केली आहे. जन्मभर कडू-तुरट चाखलेल्या दगडाने गोड बोलावे, ही अपेक्षाच खुळी आहे.

बाळापूरच्या बाजारात एका पाथरवटाने मला घडवले. त्याने मला दोन ठोक्यांत सपाट केले आणि वरवंट्यांच्या ढिगात फेकले. पार्बताबाईच्या आईने लेकीच्या लग्नात मला तिच्या भांड्यांत घातले. अशी मी तिच्या नवऱ्याच्या, नदीकाठच्या किसनराव माळ्याच्या घरी आले. त्या घरात माझी एक बहीणही होती. ती देवघरात राहायची. तिच्यावर रोज चंदन उगाळत आणि तिला फुले वाहत. देवाला कधी पोटदुखी झाल्याचे मी ऐकले नाही, तरी मान तिला. मी फडताळात, मिठाच्या मडक्यामागे. असो. माणसांची अक्कल मी तेव्हापासून ओळखून आहे.

पार्बताबाईची लेकरे झाली, तेव्हा मी कामात होते. मग पुष्कळ वर्षे कोणी मला हात लावला नाही. तिचा मुलगा गोवर्धन मोठा झाला, त्याचे लग्न झाले, आणि सत्तावन सालच्या थंडीत त्याची बायको सत्यभामा भातकुलीहून, आपल्या माहेराहून, सव्वा महिन्याची पोर घेऊन सासरी आली. पोरीचे नाव शालू.

मुलगी झाली म्हटल्यावर घरात फारसा आनंद नव्हता. किसनराव म्हणाले, “ठीक हाये,” आणि पान खायला निघून गेले. हे किसनराव गावात मोठे समजूतदार गणले जात. पागोटे मोठे असले की समजूतही मोठी असते, असा लोकांचा समज आहे. गोवर्धनाने पोरीला उचलले, मिशीत हसला, आणि पोरीने अंगरखा ओला करताच “घे वं, घे” म्हणून सत्यभामेकडे देऊन टाकली. त्यानंतर कितीतरी महिने त्याचे बापपण एवढेच होते. कोरडी असली तर पोर त्याची, ओली झाली की तिची.

सत्यभामेचे दिवस मात्र मी जवळून पाहिले. पहाटे ती मला धुवायची, आपल्या दुधाचे चार थेंब माझ्यावर पिळायची आणि एकेक मुळी उगाळायची. बोटाने आधी स्वतः चाटून बघायची, मगच पोरीच्या जिभेवर ठेवायची. शालू तोंड वेडेवाकडे करून थुंकायची, ती पुन्हा द्यायची. मग पायांवर आडवी घेऊन तेल, न्हाऊ, ओव्याची धुरी. मग विहिरीवर लंगोटांचा ढीग. कडाक्याच्या थंडीत तिची बोटे फुटून लाल होत. त्याच बोटांनी भाकरी थापायची, आणि भाकरी तव्यावर पडली की पोर रडायची. गरम भाकरी म्हणजे काय, हे त्या वर्षात ती विसरलीच. एकदा पिठाच्या परातीत हात तसेच ठेवून ती बसल्या बसल्या झोपली. पार्बताबाई म्हणाली, “आमाले पन लेकरं झाले वं. आमी नाई असं डुलक्या घेत बसलो.”

सल्ले देणाऱ्यांची तर रीघ लागायची. त्यांत शेजारची लीलाबाई पहिली. पोर रडली की लीलाबाई कुंपणावरून मान काढणारच.

“पोट दुखून राहिलं तिचं.”

“आताच घुटी देल्ली बाई.”

“मंग दूध पुरत नसन तुहं. नाईतर नजर लागली. काजळ लाव.”

काजळ लावले तर म्हणायची डोळे बिघडतील, नाही लावले तर म्हणायची आईला हौस नाही. पोर का रडते हे एकीलाही ठाऊक नव्हते, पण सत्यभामा चुकते आहे याविषयी सगळ्यांचे एकमत होते. मी दगड, मला हसता येत नाही. नाहीतर मी कुंपणापलीकडे ऐकू जाईल असे हसले असते.

तरी पोर वाढली. मान धरू लागली, पालथी पडू लागली, आईचा आवाज ओळखून हुंकार देऊ लागली. सत्यभामा तिच्याशी सगळे बोलायची. आज वांगी किती निघाली, सांभार म्हणजे कोथिंबीर कशी सुकली, गाय कुठे गेली. शालू लक्ष देऊन ऐकायची. त्या घरात सत्यभामेचे बोलणे पुरते ऐकून घेणारे ते एकच माणूस होते.

पावसाळ्यात शालू रांगायला लागली आणि खरी पंचाईत झाली. सत्यभामेला मळ्यात तोडणीला आणि बाजाराच्या दिवशी भाजी विकायला जावे लागे. मळ्यातली विहीर उघडी. रांगती पोर तिथे नेणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून ती पोरीला पार्बताबाईपाशी घरी ठेवू लागली. पार्बताबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. रांगती पोर चुलीकडे गेली की उंबऱ्याकडे, हे तिला दिसेना. दातांचे दिवस, त्यामुळे शालू दिवसभर किरकिरायची. ओसरीवर किसनरावांची झोपमोड व्हायची.

किसनराव सांधेदुखीसाठी अफू खात. बंडीच्या खिशात त्यांची पितळी डबी असे. एका दुपारी त्यांनी ती बायकोपुढे सरकवली आणि म्हणाले, “दे तिले जराशी. गोवर्धनले नव्हती का देत? झोपन गप.”

पार्बताबाईने मला काढले. मोहरीएवढी अफू माझ्यावर पाण्यात उगाळली आणि पोरीला चाटवली. शालू झोपली. घर शांत झाले. त्यानंतर सत्यभामा बाहेर पडली की हेच होऊ लागले.

आणि मित्रांनो, मग काय कौतुक सुरू झाले! आयुष्यात मी एवढी थुंकण्याजोगी स्तुती ऐकलेली नाही. किसनराव म्हणत, आता पोरीला वळण लागले. लीलाबाई कुंपणावरून सांगे, “नशीबवान हायेस सत्यभामा. लेकरू कसं शाऊ हाये, रडतच नाई.”

सत्यभामेला मात्र चैन पडेना. “आत्याबाई, पोरगी दूध कमी पेऊन राहिली. डोये पन कसे जड जड दिसते तिचे.”

“दात येऊन राहिले. तुले तं रडली तरी दुख अन् झोपली तरी दुख.”

गोवर्धनाला सांगितले, तर तो म्हणाला, “आबाले इचारतो.” ज्याच्या खिशात डबी, त्यालाच हा विचारणार होता.

भादव्यातला तो बाजाराचा दिवस होता. सत्यभामेने सकाळी मला धुऊन फडताळात पालथी ठेवली आणि मिरचीची टोपली घेऊन गेली. शालू त्या दिवशी फारच रडत होती. पार्बताबाईने अफू उगाळली. तिला किती पडली ते दिसले नाही. माझ्यावर तपकिरी लगदा झाला होता. बोट भरून तिने पोरीला चाटवले आणि मला तशीच चुलीपाशी ठेवून दिली.

दुपारी सत्यभामा परतली. पान्हा दाटून चोळी ओली झाली होती. पोर झोळीत होती. तिने हाक मारली, हलवले, गाल थोपटले. पोरीचा हात उचलला तर तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. ओठ काळपट पडले होते. श्वास येई, आणि पुन्हा येईपर्यंत बराच वेळ जाई.

“आत्याबाई, काय देल्लं हिले?”

“काई नाई वं. घुटी देल्ली.”

तेवढ्यात तिला मी दिसले. सकाळी पालथी ठेवलेली, आता उताणी आणि ओली. तिने मला उचलले आणि चाटले. घुटीतल्या प्रत्येक मुळीची चव तिच्या जिभेला रोजची होती. ही चव त्यांतली नव्हती. आणि हा वास तर तिच्या सासऱ्याच्या बंडीला रोज यायचा.

तिने पोर खांद्यावर टाकली, मला पदरात बांधले.

किसनराव ओसरीवरून म्हणाले, “कुठी निंगाली? झोपली हाये ते. संध्याकायी उठन.”

गोवर्धन दारात उभा होता. “आबा म्हन्ते तं पाहू ना संध्याकायपर्यंत,” तो म्हणाला.

सत्यभामेने त्याच्याकडे असे पाहिले, की मी दगड असून मला ते लागले. तो बाजूला झाला. ती बाजारातून चालून आलेली तशीच दवाखान्यापर्यंत पळत गेली. मी तिच्या पोटावर आपटत होते, आणि तिचा आवाज मला सारखा ऐकू येत होता. “शाले, उठ. शाले, रड ना माय. रड.”

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. सत्यभामेने मला पदरातून काढून टेबलावर ठेवले. “यावर उगायलं जी. अफू हाये. मी चाटून पायलं.”

डॉक्टरांनी एकदाच वास घेतला. मग कोणी कोणाला दोष देत बसले नाही. दवाखान्यातली नर्स गंगूबाई पोरीच्या तळव्यांवर टिचक्या मारू लागली, ओले फडके तोंडावरून फिरवू लागली. श्वास अडला की डॉक्टर पोरीच्या नाकातोंडावर तोंड ठेवून फुंकर घालत. सत्यभामा कानाशी हाका मारत राहिली. उन्हे भिंतीवरून सरकत गेली. मी टेबलावर होते. मला कोणी पुसले नव्हते.

दिवे लागायच्या वेळी गंगूबाईने आणखी एक टिचकी मारली, आणि शालूने तोंड वाकडे केले. मग बारीक कुरकुर झाली. मग तिने असा काही टाहो फोडला, की व्हरांड्यात बसलेले रोगी उठून आत बघायला आले. गंगूबाई मटकन खाली बसली आणि हसत सुटली. सत्यभामा मात्र रडू लागली. दिवसभरात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. सगळे ओसरीवर होते. लीलाबाईसुद्धा आली होती. असे प्रसंग ती चुकवत नसे. सत्यभामेने मला मधोमध ठेवले.

किसनराव खाकरले. “एवढं काय झालं? आमच्या घरात सर्‍याच लेकरांले देते. कोन मेलं?”

“तेच इचारून राहिली मामाजी,” सत्यभामा म्हणाली. “कोन कोन मेलं?”

किसनराव बायकोकडे बघू लागले. पार्बताबाईने मला चाचपून जवळ ओढले. झिजलेल्या खळग्यावरून तिचा अंगठा फिरू लागला. मग ती आपल्याशीच बोलल्यासारखी बोलली, “थोरली वच्छी. मंग नामा. मंग ते एक, नाव नोतं ठेवलं त्याचं. झोपले ते उठलेच नाई. मले सांगतलं देवानं नेले.” तिने मान वर केली. “तुमीच सांगतलं होतं जी.”

समजूतदार किसनरावांनी पागोटे सारखे केले. पागोट्याचा त्या वेळी काही उपयोग झाला नाही.

आता सगळे सुधारले असे मी सांगणार नाही. किसनरावांनी डबी सोडली नाही. फक्त ती गोठ्यात लपवू लागले. भित्रा माणूस चोरूनच शहाणा होतो. गोवर्धनाने चार दिवस खपून विहिरीभोवती बोराटीच्या काट्यांचे कुंपण घातले. बाप झाल्यापासून त्याने केलेले ते पहिले काम. सत्यभामा पोरीला पाठीशी बांधून मळ्यात नेऊ लागली, बाजारात भाजीच्या टोपलीशेजारी बसवू लागली. सासूशी ती कामापुरते बोले. पार्बताबाई पोरीकडे हात करायची आणि मागे घ्यायची.

दिवाळीनंतर सत्यभामेला हिवताप आला. अंगावर दोन गोधड्या घेऊन ती थडथड उडत होती. शालू तिच्या अंगावर चढून रडत होती. सत्यभामा उठली, भिंतीला धरत गेली आणि पोर सासूच्या मांडीवर ठेवून परत येऊन पडली.

शालूने घर डोक्यावर घेतले. पार्बताबाईने तिला कडेवर घेतले आणि वाट चाचपत बाहेर गेली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हातारी फेऱ्या घालत होती आणि पोर तिच्या कानाशी बोंबलत होती. कुंपणावर लीलाबाईची मान आलीच.

“कावून एवढी रडवता जी पोरीले?”

पार्बताबाई थांबली. तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

“जित्ती हाये माय,” ती म्हणाली, “म्हनून रडते.”

आत गोधडीखाली सत्यभामेने डोळे मिटले. वर्षभरात ती तशी गाढ झोपली नव्हती.

शालू आता शाळेत जाते. पाटीवरची पेन्सिल माझ्यावर घासून टोकदार करते. माझ्या योग्यतेचे काम नाही, पण तक्रार करत नाही. मित्रांनो, मला जपा, माझी पूजा करा, असे मी म्हणणार नाही. मला काही लागत नाही. तुमच्या घरी लहान भावंड असेल आणि ते रडत असेल, तर कान झाकू नका. आईच्या हातातली भाकरी थोडा वेळ तुम्ही थापा, आणि तिला त्याच्याकडे जाऊ द्या. आणि शांत लेकराचे कौतुक करायला कोणी आले, तर आधी आत जाऊन ते श्वास घेते की नाही ते बघा. गप्प बसणे दगडाला शोभते.