काचांची अदलाबदल

"ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा लघुग्रह म्हणजे काचेवरचे धुळीचे ठिपके असणार," नव्या मॅडम म्हणाल्या. "तुमच्या आकड्यांवरून जिथे शोधावं तिथे काहीच नाही."

मोजणीताईंच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. वेधशाळेत चौतीस वर्षं त्यांचं काम एकच: आकाशाचे फोटो उतरवलेल्या काचा टेबलावर ठेवायच्या, ठिपक्यांच्या जागा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. रात्री जागायचं ते साहेब लोकांनी, दिवसा डोळ्यांत तेल घालून बसायचं ते ताईंनी. एवढ्या वर्षांत मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एकच लघुग्रह त्यांनी स्वतः हुडकला होता. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी खूश होऊन नाव सुचवायचा मान त्यांना दिला. ताईंनी एका जगप्रसिद्ध चित्रकाराचं नाव दिलं, कारण त्यांचे वडील, अप्पा, शाळेत चित्रकला शिकवायचे आणि त्या चित्रकारावर त्यांचा भारी जीव. तेव्हापासून घरी येईल त्याला अप्पा लेकीचा लघुग्रह ऐकवत आले होते. पाहुणे चहा संपायच्या आत उठू लागले तरी त्यांना फरक पडला नाही.

पण लघुग्रह पुन्हा कुणाला दिसला नव्हता. सव्वीस वर्षं झाली. आता मॅडम हरवलेल्यांची यादी साफ करत होत्या आणि शुक्रवारी त्याचं नाव रद्द होणार होतं. अप्पा एक्क्याऐंशी वर्षांचे. त्यांना काय सांगायचं, ती धूळ होती म्हणून?

त्या दिवशी ताईंना जेवण गेलं नाही. एक गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तारीख लिफाफ्यावर असते, काचेवर नसते. म्हणून एका वेळी एकच काच बाहेर काढायची, असा नियम. सव्वीस वर्षांपूर्वी, तो लघुग्रह सापडला त्याच दिवशी, शाळेतून निरोप आला, मुलगी तापाने फणफणली आहे. ताईंनी घाईघाईत शेवटच्या दोन्ही काचा, आकाशाच्या एकाच भागाच्या पण वेगळ्या रात्रींच्या, एकदम काढून पुसल्या, पटकन लिफाफ्यांत घातल्या आणि लिफाफ्यावरची तारीख धरून मोजणी उरकली. मनात पाल तेव्हाच चुकचुकली होती. पण पाठोपाठ शाबासक्या आल्या, आणि तोंड उघडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्या दोन काचांच्या तारखा उलट धरून बघाल का? माझ्याकडून बदलल्या असतील."

मॅडमनी काचा उजेडात धरल्या. त्यांवर एक जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला लघुग्रहही होता. लिफाफ्यांवरच्या तारखा खऱ्या मानल्या, तर तो आपल्या ठरलेल्या वाटेवर उलटा चालत होता. सव्वीस वर्षांत त्या बिचाऱ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

मॅडमनी तारखा बदलून गणित नव्याने मांडलं आणि मग दुसऱ्या वेधशाळांचे गेल्या वर्षीचे फोटो तपासले. दुपारी त्यांनी संगणकाचा पडदा ताईंकडे वळवला. जिथे ताईंचा लघुग्रह असायला हवा बरोबर तिथे एक अंधूक ठिपका होता, आणि पुढच्या तिन्ही फोटोंतही होता. ताई खुर्चीत बसल्या. स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद माणसाला होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

"लिफाफे बदलले गेले, एवढंच लिहिते," मॅडम हळूच म्हणाल्या. "कुणी, ते कशाला?"

"मोजणाऱ्याकडून बदलले गेले, असं लिहा," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी अप्पांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

"म्हणजे तो आहे," अप्पा म्हणाले.

"आहे, अप्पा."

"आणि सव्वीस वर्षं हे एकटीने मनात ठेवलंस?"

ताईंनी मान हलवली, आणि मग त्यांना रडू आवरेना. अप्पांनी समजूत काढली नाही. खुर्ची जवळ ओढली आणि लेकीचं रडून होईपर्यंत ते नुसते शेजारी बसून राहिले.