अंगणात जपलेली गाडी

या मित्रांनो, जवळ या. बोनेटला टेकून बसलात तरी चालेल, आत्ता ते गार आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायचं नाही. पूर्वरंग लांबला की श्रोते चुळबुळ करू लागतात, हे मला ठाऊक आहे. आणि चुळबुळ म्हणजे काय, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल?

मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझा रंग एके काळी सायीसारखा होता. आता कुठे साय आहे, कुठे करपलेलं दूध. मागचं डावं दार आतून उघडत नाही आणि पुढची काच खाली करायची तर दोन्ही तळहातांनी दाबावी लागते. पण मी माझं रडगाणं गायला बसलेली नाही.

माणसाच्या पिंडात पंचतत्त्वं असतात म्हणतात. माझ्या पिंडात पत्रा, रबर, काच आणि आग. ती आग भगवंताने कुणा कारागिराच्या हातून माझ्या पोटात ठेवली. तिला एकच शब्द समजतो: पुढे. कारखान्याच्या दारातून पहिल्यांदा बाहेर आले तेव्हाही उभं राहणं मला जड गेलं होतं.

मला विकत घेतलं एका नर्सबाईंनी. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळंतपणं करणं हे त्यांचं काम. त्यांचे यजमान घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळातली केसाएवढी कमान चिमट्यात धरून जागच्या जागी बसवणारा हा माणूस. पण स्टिअरिंगला हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटे. गाडी चालवायला ते कधी शिकलेच नाहीत. बाई चालवत आणि हे शेजारी बसून दार धरून ठेवत, जणू ते सोडलं तर मी उडूनच जाईन.

काय ते दिवस होते! खडी, चिखल, ओढे, माळ. फोन खणखणला की बाई पदर खोचत निघत, आणि त्या सीटवर बसायच्या आधीच माझ्या अंगात शिरशिरी येई. एकदा तर वाटेतच, माझ्या मागच्या सीटवर, एक मुलगी जन्माला आली. तिचा बाप आनंदाने वेडापिसा झाला आणि मुलीला गाडीचंच नाव ठेवतो म्हणू लागला. बाईंनी त्याला झापलं. म्हणाल्या, पोरीला माणसाचं नाव ठेव रे बाबा, गाडी काय, उद्या भंगारात जाईल. मी समोरच होते. पण बाळ इतक्या जोरात रडत होतं की मला रागवायला सवडच मिळाली नाही.

माझ्यावर खर्च होई. ऑइल, ब्रेक, टायर, पट्टा, काही ना काही निघेच. बाई वेळ न चुकवता मला चौकातल्या गॅरेजात नेत. तिथल्या मिस्त्रींना सगळे वस्ताद म्हणायचे. कुणी म्हटलंच की बाई, या गाडीपायी किती ओतता, तर बाई हसून म्हणत, पोटाला आणि गाडीला वेळच्या वेळी घालावंच लागतं. उधार ठेवलं की दोघंही व्याज लावतात.

सुट्टी मिळाली की आम्ही घाट चढून पलीकडच्या गावी जायचो. तिथे बाईंची थोरली बहीण राहायची. आई लहानपणीच गेल्यामुळे या ताईंनीच बाईंना न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. ताई आधी बाईंकडे बघत नसत. माझ्या बोनेटवर तळहात ठेवत आणि म्हणत, चांगलं तापलंय, म्हणजे वाटेत कुठे थांबली नाहीस. मग बहिणीला जवळ घेत.

आणि मग बाईंच्या छातीत दुखलं.

डॉक्टरांनी सांगितलं की काही दिवस आराम करा आणि मग रोज चाला, हिंडा, फिरा. घड्याळजींनी त्या वाक्याचा पहिला अर्धाच भाग घरी आणला. बाईंची नोकरी सुटली. हिंडणंही सुटलं. दारात गेल्या तरी मागून हाक यायची, अगं, कुठे निघालीस? आणि बाईंबरोबर माझंही हिंडणं संपलं. घड्याळजींनी माझ्यासाठी जाड कापडाची खोळ शिवून घेतली आणि मला ढकलत अंगणातल्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. झीज नको. मोडतोड नको. खर्च नको.

ते दुष्ट नव्हते, मित्रांनो. घाबरलेले होते. भीती माणसाला कंजूष करते, आणि तो कंजूषपणा पैशांपाशी थांबत नाही.

त्यांनी मला त्यांच्या परीने फार जपलं. पण जपलं ते घड्याळासारखं! घड्याळाला रोज ठराविक वेळी किल्ली द्यायची, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. म्हणून रोज सकाळी चहा झाला की ते माझी खोळ पुढून उचलत, पाय बाहेरच ठेवून सीटवर तिरके बसत आणि किल्ली फिरवत. मी जागी होई. सगळ्या अंगातून आग धावे. आता निघायचं! ते कान देऊन माझा ठोका ऐकत, मान डोलावत, आणि किल्ली उलटी फिरवून टाकत. जेवायला बसवावं आणि पहिल्याच घासाला ताट ओढून घ्यावं, तसं रोज. सुरू होताना माझ्या बॅटरीतलं जे खर्ची पडे ते भरून यायला वेळच मिळत नसे. इंजिन तापायच्या आत थंड होई आणि आतल्या आत घाम धरी. तो घाम ऑइलमध्ये उतरे.

आणि ऑइल! घड्याळात तेल घालतात ते सुईच्या टोकाने. एक थेंब जास्त झाला की धूळ धरते आणि चक्रं अडकतात. हाच नियम त्यांनी मलाही लावला. जुनं इंजिन थोडं थोडं ऑइल पितच असतं, मीही पीत होते. पण ते लांब चोचीची इवलीशी तेलदाणी घेऊन येत, माझ्यात थोडं तेल सोडत, मोजायची पट्टी काढून बघत आणि पट्टीचं टोक जरासं ओलं दिसलं की खूश होत. जुनं ऑइल बदलायचं तर नावच नको. एकदा वस्ताद रस्त्यावरून जाताना हे बघून थांबले. म्हणाले, घड्याळजी, गाडी काय मनगटावर बांधायची आहे का? घड्याळजींना राग आला. आपली घड्याळं पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तुमच्याकडच्या गाड्या चार दिवसांनी परत येतात, असं काहीसं ते बोलले. वस्तादांनी हात जोडले आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

मी तशीच उभी. टायर एका बाजूने चपटे झाले. सीटच्या फोममध्ये उंदरांनी संसार थाटला. वाऱ्याने खोळ जरा हलली तरी वाटे, निघालो! खिडकीत बाई दिसायच्या. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. ताईंकडे जाऊन येऊ या, असं त्या म्हणत. ऊन उतरू दे, घड्याळजी म्हणत. ऊन उतरल्यावर म्हणत, गारठा आहे. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहायचो.

मग एका दुपारी भाचीचा, म्हणजे ताईंच्या मुलीचा फोन आला. ताईंचं आता काही खरं नाही. सारखी तुझं नाव घेते आहे, मावशी, लगेच ये.

घड्याळजी म्हणाले, टॅक्सी बघतो. टॅक्सीवाला म्हणाला, जेवून येतो. बाईंनी भिंतीवरची किल्ली घेतली आणि बाहेर येऊन एका ओढीत माझी खोळ खाली टाकली. घड्याळजी माझ्या दारात आडवे उभे राहिले. तुझी तब्येत, घाटाचा रस्ता, इतक्या दिवसांची उभी गाडी, असं काहीबाही सांगत होते.

"अहो, ती माझी आई आहे," बाई म्हणाल्या. "सरका."

ते सरकले, आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले.

त्या सकाळीही माझी किल्ली फिरली होती आणि बॅटरीत जेमतेम जीव उरला होता, तरी मी कशीबशी सुरू झाले. पण रस्त्याला लागल्यावर काय सांगू! बाईंचा पाय ओळखीचा, घाट ओळखीचा. माझ्या पोटात काहीतरी घासत होतं, तरी मी धावत होते. आज पोचायचंच, एवढंच मला कळत होतं. अर्ध्या चढावर समोरचा लाल दिवा लागला. ऑइलचा. बाईंनी गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं आणि विचारलं, ऑइल कुठे आहे?

घड्याळजींनी समोरच्या खणातून ती चोचीची तेलदाणी काढून पुढे केली.

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. आधी त्यांना हसू आलं. मग ते हसू कसंतरीच झालं. त्यांनी ती घेतली आणि होतं तेवढं तेल माझ्यात सोडलं. तापल्या तव्यावर थेंब पडावा, तसं ते कुठे गेलं ते मलाही कळलं नाही. पुन्हा बसून त्यांनी मला गिअरमध्ये टाकलं. दिवा विझला नव्हता. तो काय सांगतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या निघाल्या, आणि मीही निघाले. दुसऱ्या वळणावर माझ्या आत मोठा कडकडाट झाला आणि सगळं जागच्या जागी जाम झालं.

मागून दुधाची गाडी आली. पुढे एकाच माणसाची जागा होती. बाई त्यात चढून गेल्या. उरलो मी आणि घड्याळजी.

वस्ताद येईपर्यंत ते बोनेटखाली हात घालून काय काय चाचपत राहिले. मध्येच येऊन सीटवर बसत, लगेच उठत, रस्त्यावर जाऊन वळणाकडे बघत, परत येत. मला तर हलताही येत नव्हतं. शेवटी फोन वाजला. हात काळे झाले होते, म्हणून त्यांनी तो सीटवर ठेवून एका बोटाने स्पीकर लावला.

"ताई गेली हो," बाईंचा आवाज आला. "मी दाराबाहेर चपला काढत होते."

घड्याळजी फोनवर वाकून म्हणाले, "अगं, मी तेल घातलं नाही. गाडीत मी तेलच घातलं नाही."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "पाणी प्यालात का काही?"

वस्ताद मला साखळीने ओढून न्यायला आले. त्यांनी बोनेटखाली एकदाच पाहिलं. काही टोमणा मारला नाही. भांडण नको म्हणून मीही गप्प बसलो, एवढंच ते म्हणाले.

परगावी असलेला मुलगा आला. म्हणाला, बाबा, भंगारात द्या. गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीच जास्त आहे. त्याचं चूक नव्हतं. वस्तादांनी आकडा सांगितला तेव्हा मुलाने नुसतं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मला खोळीत तोंड लपवावंसं वाटलं. घड्याळजींनी बाईंकडे बघितलं.

"दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. "पण परत उभी करून ठेवायची नाही. आणि मलाही."

घड्याळजींनी मान खाली घालून हो म्हटलं.

आता माझ्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन आहे. पेट्रोल जास्त पिते, चढावर धापा टाकते. वस्ताद वेळेवर ऑइल बदलतात आणि घड्याळजी पैसे देऊन बाजूला उभे राहतात; हात मागे बांधून, अगदी शहाण्या मुलासारखे. बाई रोज हिंडतात. दर आठवड्याला आम्ही घाट चढून भाचीकडे जातो. पण त्या वळणावरून मला लवकर पुढे जायचं असतं.

मित्रांनो, जुन्या गाडीचा खर्च टळत नसतो. आज अंगणात दिला नाही, तर तो उद्या घाटात वसूल होतो, आणि तिथे तो पैशांत घेतला जात नाही. घरात गाडी असेल तर तिला वेळेवर खाऊ घाला आणि चालवा. घरात माणूस असेल तर त्यालाही. देवाने ज्याला चालायला घडवलं, त्याला झाकून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे.

माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल. माझ्यासारख्या गाड्या पुष्कळ आहेत. पण भाचीने आम्हाला नंतर सांगितलं की त्या दुपारी ताईंनी आपली खाट रस्त्याच्या बाजूला वळवून घेतली होती. त्या ताईंची आठवण ठेवा.